पायातला हर्निया शिवून बंद करू नये

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मागील महिन्यात हर्नियासंबंधी एक लेख प्रसिद्ध झाला. जांघेतील आणि बेंबीजवळील हर्नियाविषयी त्यात दिलेली माहिती बिनचूक होती आणि शस्त्रक्रियेच्या भीतीपोटी वर्षानुवर्षे पट्टा बांधून दिवस काढणाऱ्या अनेकांना त्या लेखाने धीर दिला असेल, याबद्दल मला शंका नाही. मात्र ‘हर्निया कोणताही असो, शस्त्रक्रिया करून ते छिद्र बंद करणे हाच त्यावरचा उपाय’ असे एक वाक्य त्यात होते. त्या वाक्यातील ‘कोणताही’ या एका शब्दासाठी मी हे पत्र लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेली अठ्ठावीस वर्षे अस्थिशल्यचिकित्सक म्हणून काम करतो. गेल्या आठवड्यात एक बाई आपल्या एकवीस वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा पोलीस भरतीची तयारी करणारा. रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावणारा, अंगाने काटक. त्याच्या उजव्या नडगीच्या बाहेरच्या अंगाला, घोट्याच्या वर वीतभर अंतरावर, उभे राहिले की सुपारीएवढा उंचवटा दिसत होता आणि आडवे झाले की तो नाहीसा होत होता. गावातल्या डॉक्टरांनी हा स्नायूचा हर्निया असल्याचे अचूक ओळखले होते. बाईंच्या हातात आपल्या दैनिकातील त्या लेखाचे कात्रण होते. “डॉक्टर, पेपरातच आलंय, तेवढे दोन टाके घालून टाका. भरतीच्या आत पोरगा मोकळा होईल,” असे त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी रास्त होते. छिद्र पडले आहे, तर ते शिवावे, हे कोणालाही पटेल. पायाच्या बाबतीत मात्र नेमके हेच करायचे नसते आणि ते का, हे सविस्तर सांगितल्याशिवाय पटण्यासारखे नाही.

गुडघ्याखालच्या पायात स्नायूंचे चार कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याभोवती फॅशिआ नावाचे पांढरट, चिवट आणि जवळजवळ न ताणणारे आवरण असते. पुढच्या कप्प्याला आतून नडगीचे हाड, मागून दोन हाडांमधला पडदा आणि बाहेरून हे आवरण अशी तिन्ही बाजूंनी घट्ट कुंपणे असतात. या आवरणातून रक्तवाहिन्या आणि नसा त्वचेकडे बाहेर पडतात, त्या जागी ते मुळातच थोडे दुबळे असते. कोणाच्या बाबतीत जन्मतःच, कोणाच्या बाबतीत मार लागल्याने किंवा हाड मोडल्याने, तर कोणाच्या बाबतीत सततच्या धावण्याने त्या जागी फट पडते आणि आतला स्नायू त्यातून डोकावतो. पाऊल वर उचलणारा, नडगीलगतचा टिबिअॅलिस अँटिरिअर हा स्नायू यात सर्वाधिक वेळा सापडतो. धावपटू, सैनिक, गिर्यारोहक आणि आपल्याकडे भरतीची तयारी करणारी मुले यांच्यात तो अधिक आढळतो, याचे कारण या सर्वांचा हा स्नायू भरदार झालेला असतो आणि त्याचे आवरण मात्र पूर्वीच्याच मापाचे राहिलेले असते.

पोटाचा हर्निया आणि पायाचा हर्निया यांना नाव एक असले, तरी त्यांचे स्वरूप वेगळे आहे. पोटातील आतड्याची जागा पोटात आहे. ते फटीतून बाहेर आले तर अडकू शकते, त्याला पीळ पडू शकतो, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून ते आत घालून वाट बंद करणे योग्य. पोटाच्या पोकळीत तेवढे सामावून घेण्याइतकी ढील असते. पायाच्या कप्प्यात ती नसते. व्यायाम करताना स्नायूत रक्त उतरते आणि त्याचे आकारमान सुमारे २० टक्क्यांपर्यंत वाढते. मटकी भिजवून फडक्यात करकचून बांधली आणि मोड येताना तिला फुगायला जागाच ठेवली नाही, तर फडके कसे तणावते हे ज्या घरात मोड काढले जातात तिथे सर्वांना ठाऊक आहे. आवरणाला पडलेली फट ही अनेकदा त्या तणावातून पडलेली असते आणि काही प्रमाणात तो तणाव कमीही करत असते. ती फट टाक्यांनी ओढून बंद केली की आवरणाचा घेर पूर्वीपेक्षाही लहान होतो. आतला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, स्नायूला रक्त कमी पडते, रक्त कमी पडल्याने स्नायू सुजतो आणि सुजल्याने दाब आणखी वाढतो. यालाच कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ही स्थिती सहा ते आठ तास तशीच राहिली तर स्नायूचे आणि नसेचे होणारे नुकसान बहुधा भरून येत नाही. पाऊल लुळे पडते, चालताना चवडा जमिनीवर घासतो. घट्ट पट्ट्यांखाली रक्तपुरवठा तुटून हात आखडून जातो, हे जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ सालीच लिहून ठेवले होते. पायातील हर्नियाचे छिद्र शिवल्यानंतर कंपार्टमेंट सिंड्रोम झाल्याच्या घटना १९७३ आणि १९८६ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सेच्या नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे हा धोका काल-परवा कळलेला नाही.

तरीही तो अनेकांना ठाऊक नसतो, आणि हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून म्हणत नाही. प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी मी स्वतः असे एक छिद्र शिवले आहे. एक तरुण कबड्डीपटू होता. गाठ लहान होती, चीर लहान होती, पाच टाक्यांत फट मिटली आणि शस्त्रक्रिया सुबक झाल्याचे समाधान घेऊन मी दुपारी घरी गेलो. कमरेतील भुलीचा अंमल उतरल्यावर संध्याकाळी सहाच्या सुमारास तो कळवळू लागला. वेदनाशामक इंजेक्शन दिले गेले, त्याने फरक पडला नाही. रात्रपाळीच्या डॉक्टरांनी पावलावरची नाडी पाहिली, ती चांगली लागत होती, म्हणून त्यांनी दुसरे इंजेक्शन लिहून दिले. वॉर्डातील ज्येष्ठ सिस्टरांना मात्र ते पटले नाही. “सर, या मुलाचं दुखणं टाक्याचं नाही, तुम्ही येऊन बघा,” असा त्यांचा फोन आला. मी गेलो, पट्टी सोडली. पाय लाकडासारखा टणक लागत होता. त्याचा अंगठा मी हळूच खाली वाकवताच तो किंचाळला. अंगठा आणि शेजारचे बोट यांच्यामधल्या बेचक्यात त्याला स्पर्श कळत नव्हता. आम्ही त्याला तसेच पुन्हा टेबलावर घेतले. टाके कापताक्षणी स्नायू उसळून बाहेर आला. तो काळपट दिसत होता, आणि त्याचा रंग परत येईपर्यंतची ती काही मिनिटे मी आजतागायत विसरलेलो नाही. संपूर्ण कप्पा वरपासून खालपर्यंत मोकळा केला, जखम उघडी ठेवली आणि पाच दिवसांनी त्वचा शिवली. पहिल्या तक्रारीपासून चार तासांत आम्ही पोचलो होतो, म्हणून त्याचे पाऊल वाचले. तरी अंगठा उचलण्याची ताकद परत यायला त्याला कित्येक महिने लागले आणि कबड्डीचा तो हंगाम गेला. त्या सिस्टरांनी फोन केला नसता तर काय झाले असते, हे मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक निवासी डॉक्टरला सांगतो.

नाडी लागत असूनही पाय धोक्यात असू शकतो, हे येथे आवर्जून नोंदवतो, कारण वेळ बहुतेकदा याच गैरसमजात जातो. निरोगी माणसाच्या पायाच्या कप्प्यातील विश्रांतीच्या वेळचा दाब साधारणपणे पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. रक्तदाबाचा खालचा आकडा आणि कप्प्यातील दाब यांच्यातील अंतर ३० मिलिमीटरपेक्षा कमी झाले की स्नायूच्या बारीक वाहिन्यांतील प्रवाह धोक्यात येतो. मोठ्या धमनीतील दाब मात्र त्याहून पुष्कळ अधिक असल्यामुळे पावलावरची नाडी शेवटपर्यंत लागत राहते. म्हणून नाडीपेक्षा रुग्णाच्या तक्रारीवर विश्वास ठेवावा. औषधाने न थांबणारी आणि दर तासाला वाढत जाणारी वेदना, बोटे दुसऱ्याने हलवली तरी उठणारी कळ, पायाला आलेला ताठरपणा, मुंग्या किंवा बधिरपणा यांपैकी काहीही दिसले तर आधी पट्टी, प्लॅस्टर सगळे सोडावे, पाय उशांवर उंच न ठेवता हृदयाच्या पातळीला ठेवावा आणि रुग्णालयाने तातडीने कप्पा मोकळा करावा. सकाळी मोठे डॉक्टर आल्यावर बघू, असे म्हणण्याची सोय येथे नसते.

मग पायातील हर्नियावर करायचे काय? बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत काहीही नाही. गाठ दुखत नसेल, वाढत नसेल, पाऊल बधिर होत नसेल, तर ही गाठ निरुपद्रवी आहे एवढे नीट समजावून सांगणे हाच उपचार असतो. थोडेफार दुखत असेल तर धावण्याचे अंतर काही आठवडे कमी करावे, डांबरी रस्त्याऐवजी मातीच्या मैदानावर धावावे, पोटरीवर मध्यम दाबाचा लवचीक मोजा घालावा. अनेकांना एवढ्याने आराम पडतो. भरती अकादमीतील सोबती अशी गाठ तेल लावून जोरजोराने चोळतात किंवा तिच्यावर नाणे ठेवून घट्ट फडके बांधतात, ते तेवढे टाळावे. चोळल्याने फट मिटत नाही. त्वचेजवळची नस मात्र दुखावते.

शस्त्रक्रियेची गरज पडते ती थोड्यांना. विश्रांती, मोजा आणि व्यायामातील बदल यांनी काही महिन्यांत फरक पडला नाही, किंवा फटीच्या काठावर नस दबते आहे अशी चिन्हे दिसली, तर तिचा विचार करावा. बाहेरच्या घोट्याच्या वर साधारण १० ते १२ सेंटिमीटरवर एक नस आवरणातून बाहेर पडून पावलाच्या पाठीकडे जाते. हर्निया नेमका त्याच जागी असेल, तर धावताना पावलाच्या वरच्या भागावर आग होते, मुंग्या येतात. अशा रुग्णाची कंबर तपासण्यात, मणक्याचे एमआरआय काढण्यात महिने गेलेले मी पाहिले आहेत.

या शस्त्रक्रियेचे तत्त्व ऐकताना उलटे वाटते. फट बंद न करता ती वर-खाली उभी लांबवायची, आवरण सैल करायचे आणि दबलेली नस मोकळी करायची. यालाच फॅशिओटॉमी म्हणतात. फट लांबली की काठाचा घट्टपणा निघून जातो, स्नायू एका ठिकाणी गळफास बसल्यासारखा न अडकता लांबवर पसरतो आणि कप्प्यातील दाबही उतरतो. धावल्यावर ज्यांच्या नडग्या दगडासारख्या होतात आणि थांबल्यावर काही मिनिटांत सैल पडतात, त्यांना मुळात कप्प्यातील दाबाचाच दीर्घकालीन विकार असतो, आणि अशा रुग्णांत आवरणाच्या फटी बऱ्याचदा सापडतात. त्यांचा दाब सुईने मोजता येतो. विश्रांतीच्या वेळी १५, व्यायामानंतर एका मिनिटाने ३० किंवा पाच मिनिटांनी २० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक दाब भरला तर हा विकार मानावा, हे १९९० सालापासूनचे निकष बहुतेक ठिकाणी वापरले जातात. अशा पायातील फट शिवणे म्हणजे ज्या कारणाने फट पडली, त्यालाच बळ देणे होय.

शल्यचिकित्सकांसाठी एक व्यावहारिक बाब येथे नमूद करतो. टेबलावर रुग्ण आडवा झाला आणि भूल चढली की गाठ दिसेनाशी होते आणि फट हाताला लागत नाही. म्हणून वॉर्डातच रुग्णाला उभे करून, पाऊल वर उचलायला लावून, गाठीच्या कडा पेनने आखून घ्याव्यात. नस या भागात त्वचेखाली अगदी उथळ असते, ती आधी शोधून बाजूला घ्यावी. शस्त्रक्रिया लहान आहे. बहुतेक रुग्ण दुसऱ्या दिवसापासून चालू लागतात आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांत हळूहळू धावायला लागतात. पण एक गोष्ट आधीच, स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. या शस्त्रक्रियेने वेदना जाते, उंचवटा जाईलच असे नाही. कधी तो पूर्वीपेक्षा पसरट आणि मोठाही दिसतो. काहींना थोडा अशक्तपणा जाणवतो. केवळ पाय दिसायला चांगला व्हावा म्हणून जो येतो, त्याची या शस्त्रक्रियेने निराशा होण्याचीच शक्यता अधिक.

फट मोठी असेल, स्नायू फार बाहेर येत असेल आणि कप्प्यातील दाब वाढलेला नसेल, तर ठिगळाचा मार्ग आहे. रुग्णाच्याच मांडीच्या बाहेरच्या अंगाचे आवरण काढून किंवा कृत्रिम जाळी वापरून ती जागा अजिबात ताण न देता झाकली जाते. मांडीचे आवरण काढले तर तिथे दुसरी जखम होते. जाळी वापरली तर नडगीवरची पातळ त्वचा, जंतुसंसर्ग आणि जाळीचे स्नायूला चिकटणे यांचा विचार करावा लागतो. या सर्व पद्धतींविषयी जे लिहिले गेले आहे, ते मुख्यतः एकेका रुग्णाच्या किंवा लहान रुग्णसमूहांच्या अनुभवावर आधारलेले आहे. दोन पद्धतींची समोरासमोर तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या नाहीत. त्यामुळे ठिगळ की फॅशिओटॉमी, यावर अनुभवी डॉक्टरांत मतभेद असू शकतात. मी स्वतः ठिगळाच्या वाटेला क्वचितच जातो. फट ओढून शिवू नये, याबाबत मात्र मतभेदाला फारशी जागा उरलेली नाही.

तपासणीबद्दलही थोडे सांगणे आवश्यक आहे. ही गाठ आडवे झाल्यावर लपते, आणि आपल्या बहुतेक तपासण्या आडवे करूनच होतात. एमआरआयसाठी हजारो रुपये मोजून ‘सर्व ठीक’ असा अहवाल घेऊन आलेले रुग्ण मला दर वर्षी भेटतात. रुग्णाला उभे करून, पाऊल वर-खाली करायला लावून केलेली सोनोग्राफी येथे अधिक उपयोगी ठरते. स्नायू फटीतून बाहेर येताना आणि परत जाताना पडद्यावर प्रत्यक्ष दिसतो. खर्चही पुष्कळ कमी येतो. ज्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना मी हे सांगितले, त्यांनी ते लगेच स्वीकारले. त्यांच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर ‘उभे करून पाहावे’ हे तीन शब्द लिहायला आपणच विसरतो. उलट, जी गाठ आडवे झाल्यावरही जात नाही, महिन्यागणिक वाढते, टणक आहे किंवा रात्री दुखते, तिला हर्निया समजून स्वस्थ बसू नये. ती चरबीची साधी गाठ असू शकते, तशीच मांसातील कर्करोगाची गाठही असू शकते. तिची वेगळी तपासणी व्हायलाच हवी.

भरतीच्या तयारीत असलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी एवढेच सांगतो की, मैदानी चाचणी तीन-चार आठवड्यांवर आली असताना अशा गाठीची शस्त्रक्रिया करून घेऊ नये. गरज असलीच, तरी त्यानंतर मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याजोगा पाय तयार व्हायला दोन महिने तरी हाती हवेत. ज्या घरात एका भरतीवर वर्षभराची आशा लागलेली असते, तिथे घाई समजण्यासारखी आहे. या घाईत शिवलेला पाय मात्र भरतीच काय, शेतातल्या कामालाही राहिला नाही, असे होऊ शकते. तालुक्यातालुक्यांतील भरती अकादम्यांच्या प्रशिक्षकांनी नडगीचे दुखणे ‘सवय नाही म्हणून होतंय’ असे म्हणून सोडून देऊ नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. धावताना पाऊल बधिर होते असे मुलाने सांगितले, तर त्याला त्या दिवशी थांबवावे आणि दाखवून आणावे.

पत्राच्या सुरुवातीला उल्लेख केलेल्या मुलाला मी दवाखान्यामागच्या मोकळ्या जागेत दहा मिनिटे धावायला लावले आणि लगेच उभ्याने सोनोग्राफी करून घेतली. फट दीड सेंटिमीटरची आहे. बधिरपणा नाही, धावल्यानंतरही नडगी मऊ राहते. त्याला शस्त्रक्रियेची गरज नाही. मोजा दिला आहे, डांबरी रस्ता सोडून मैदानावर धावायला सांगितले आहे आणि सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले आहे. त्याच्या आईची समजूत घालायला मात्र मला पाऊण तास लागला, कारण माझ्या शब्दासमोर छापलेला शब्द होता. मूळ लेखाच्या लेखकांविषयी मला आदर आहे आणि त्यांचा रोख पोटाच्या हर्नियावरच होता, हेही मी जाणतो. म्हणून त्याच पानावर ‘हे विधान पोटाच्या भिंतीतील हर्नियापुरते असून पायातील स्नायूच्या हर्नियाला ते लागू नाही’ असा खुलासा आपण छापावा, अशी विनंती करतो. कात्रण त्या बाईंनी जाताना माझ्याकडेच ठेवले. ते या पत्रासोबत जोडले आहे.

आपला विश्वासू,
एक अस्थिशल्यचिकित्सक,
जि. सातारा